विजा चमकताना घरातला ब्रेकर का पडतो, आणि पडल्यावर काय बघायचं

लाईट गेली की आपण सगळे आधी एकच गोष्ट करतो. खिडकीशी जातो आणि शेजारच्या घरात बघतो. त्यांच्याकडेही अंधार असला की जीव निवांत होतो. कुठेतरी डीओ, म्हणजे खांबावरचा फ्यूज, उडाला असेल म्हणायचं आणि मेणबत्ती शोधायची. पण शेजारी दिवे लागलेले आणि आपल्याच घरात काळोख असेल, तर बाब वेगळी. आपल्या डीबीतला, म्हणजे घरातल्या खटक्यांच्या पेटीतला, एखादा खटका खाली आलेला असतो. तो वळवाच्या पावसात, बाहेर विजा कडाडत असताना पडला असेल तर घरात कुणीतरी हमखास म्हणतं, "वीज पडली वाटतं, बोर्ड गेला."

बहुतेक वेळा बोर्ड गेलेला नसतो. त्या ब्रेकरनं आपलं काम केलेलं असतं, आणि कशामुळे केलं याची खूण तो मागे ठेवतो. ती खूण वाचायला दोनच प्रश्न लागतात: कोणता खटका पडला? आणि नेमका कधी पडला? या दोन उत्तरांवर निम्मं निदान होतं. पण आपण घाईघाईत सगळे खटके वर-खाली करतो आणि ती खूण पुसून टाकतो. मग वायरमन आल्यावर सांगायला काही उरत नाही. "पाऊस आला की लाईट जाते हो," एवढंच सांगता येतं.

डीबीतली दोन वेगळी माणसं

डीबीचं झाकण उघडलं की खटक्यांची ओळ दिसते. त्यातले बरेचसे सारखे आणि बारीक असतात, त्यांच्यावर ६, १०, १६, २० असे आकडे असतात. हे एमसीबी. एक खटका जरा रुंद असतो आणि त्याच्यावर 'टी' किंवा 'टेस्ट' लिहिलेलं छोटं बटण असतं. हा आरसीसीबी. दुकानात आणि वायरमनच्या तोंडी त्याला अजून ईएलसीबीच म्हणतात. जुन्या काळी त्या नावाचं वेगळ्या पद्धतीनं चालणारं उपकरण होतं, त्याचं नाव नव्याला चिकटलं. तुम्ही दुकानात ईएलसीबी मागितलात तरी हातात आरसीसीबीच पडेल.

दोघांची कामं अगदी निरनिराळी आहेत.

एमसीबी फक्त करंट किती वाहतोय ते बघतो. त्याच्या आत दोन धातूंची चिकटवलेली एक पट्टी असते. करंट बराच वेळ जास्त वाहिला की ती तापून वाकते आणि खटका पाडते. हा झाला ओव्हरलोड. शिवाय आत एक कॉइल असते. शॉर्ट सर्किट होऊन करंट एकदम उसळला की कॉइलचं चुंबक झटक्यात खटका ओढतं. घरात बहुधा 'सी' प्रकारचे एमसीबी असतात. त्यांचं चुंबक नेमलेल्या करंटच्या ५ ते १० पटींच्या दरम्यान जागं होतं, म्हणजे १६ अँपिअरच्या एमसीबीला ८० ते १६० अँपिअरचा झटका लागतो.

आरसीसीबीला करंट किती आहे याच्याशी काही देणंघेणं नाही. तो फक्त हिशेब ठेवतो. शाळेच्या सहलीला बसमधून ४० मुलं गेली, परतताना मोजली तर ३९ भरली, तर बाई गाडी हलू देत नाहीत. तसंच हे. फेजमधून जेवढा करंट घरात गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत यायला हवा. कमी आला तर बाकीचा कुठेतरी बाहेर निघून गेला: ओल्या भिंतीतून, गिझरच्या टाकीतून, किंवा एखाद्या माणसाच्या अंगातून जमिनीत. घरगुती आरसीसीबीवर ३० मिलीअँपिअर लिहिलेलं असतं. एवढा फरक पडला की त्यानं पडायलाच हवं. नियमानुसार १५ मिलीअँपिअरच्या आत त्यानं पडू नये, १५ ते ३० च्या मध्ये कुठेही पडू शकतो. प्रत्यक्षात बरेचसे २०-२५ च्या आसपास पडतात. मिलीअँपिअर म्हणजे अँपिअरचा हजारावा भाग. घरातला साधा ९ वॅटचा एलईडी बल्बही याहून जास्त करंट घेतो, इतका हा हिशेब नाजूक आहे.

विजांच्या दिवसात कुरकूर होते ती बहुधा या दुसऱ्याची.

आकाशातली वीज तारेत कशी शिरते

घराच्या तारेत झटका यायला वीज घरावरच पडावी लागते, हा गैरसमज आहे. घरावरच पडली तर एमसीबी आणि आरसीसीबी या दोघांचंही तिच्यापुढे काही चालत नाही. जी ठिणगी ढगापासून जमिनीपर्यंत काही किलोमीटर हवा फोडून आली, तिला खटक्यातलं काही मिलिमीटरचं अंतर काय अडवणार? म्हणून "मेन स्विच बंद केलाय, आता टीव्हीला काही होत नाही" असं कुणी म्हणालं तर त्यावर विसंबू नका. प्लग भिंतीतून काढलेला असेल तरच वस्तू खरी सुटी झाली.

नेहमी घडतं ते असं. वीज अर्ध्या-एक किलोमीटरवर पडते. झाडावर, माळावर, कधी ११ हजार व्होल्टच्या लाईनवर. तिचा करंट साधारण ३० हजार अँपिअरच्या घरात असतो आणि तो काही मायक्रोसेकंदात शिखरावर पोचतो. एवढा मोठा करंट एवढ्या झटक्यानं बदलला की आसपासच्या लांब तारांमध्ये आपोआप व्होल्टेज उठतं, तारेला विजेचा स्पर्शही व्हावा लागत नाही. आपल्या खेड्यापाड्यांत, वाड्यांत, शहरांच्या जुन्या भागांत खांबांवरून गेलेल्या उघड्या तारा असतात. त्या या कामासाठी ताणलेल्या अँटेनाच म्हणा. ट्रान्सफॉर्मरच्या डीपीवर लाइटनिंग अरेस्टर बसवलेला असतो, तो मोठा भार जमिनीत उतरवतो. उरलेलं सर्व्हिस वायरमधून आपल्या मीटरपर्यंत येतं.

हा झटका मायक्रोसेकंदांचा असतो. एमसीबीचं चुंबक कितीही चपळ असलं तरी खटका उघडायला त्याला काही मिलीसेकंद लागतात, म्हणजे हजारपट जास्त वेळ. एमसीबीला जाग येईपर्यंत झटका येऊन गेलेला असतो. म्हणून नुसत्या झटक्यानं एमसीबी सहसा पडत नाही. वीज चमकली आणि त्याच क्षणी *एमसीबी* पडला, तर तो काळजीनं घ्यायचा इशारा आहे. झटक्यानं कुठेतरी इन्शुलेशन फोडलंय किंवा एखाद्या उपकरणाच्या आतला संरक्षक भाग जळून शॉर्ट झालाय, आणि त्या वाटेनं आता आपल्या नेहमीच्या २३० व्होल्टचा करंट धावतोय. एमसीबीनं तोडलं ते हेच. तो खटका परत वर करण्याआधी त्या सर्किटवरचे सगळे प्लग काढा आणि बोर्डाशी, उपकरणांशी जाऊन जळका वास येतो का बघा.

आरसीसीबीची गोष्ट वेगळी, कारण त्याला पडायला फार थोडं लागतं. आजच्या घरातल्या जवळपास प्रत्येक इलेक्ट्रॉनिक वस्तूत, म्हणजे कॉम्प्युटर, वॉशिंग मशीन, इन्व्हर्टर एसी, मायक्रोवेव्ह यांच्यात, लाईनवरचा गोंगाट गाळण्यासाठी छोटे कॅपॅसिटर असतात. त्यांतले काही फेज किंवा न्यूट्रलपासून थेट अर्थकडे जोडलेले असतात. रोजच्या ५० हर्ट्झला ते जेमतेम थेंबभर करंट अर्थकडे सोडतात, कुठे अर्धा मिलीअँपिअर, कुठे एखादा. पण कॅपॅसिटरचा स्वभाव असा की व्होल्टेज जितक्या वेगानं बदलेल तितका तो जास्त करंट जाऊ देतो. विजेचा झटका म्हणजे अतिवेगानं बदलणारं व्होल्टेज. त्या क्षणी हे सगळे कॅपॅसिटर मिळून अर्थमध्ये बराच करंट ओततात, आरसीसीबीचा हिशेब चुकतो आणि तो पडतो. कुठेही बिघाड नसतो. परत वर केला की राहतो.

मग एकाच आळीत एका घरात पडतो आणि दुसऱ्यात नाही, असं का? कारण रोज झिरपणारा तो थेंब-थेंब करंट साठत जातो. ज्या घरात एका आरसीसीबीमागे २ एसी, ३ लॅपटॉप, वॉशिंग मशीन, डझनभर एलईडी पॅनल आहेत, तिथे शांत दिवशीही १०-१२ मिलीअँपिअर निघून जात असतात. त्याला पडायला उरलं किती? इथे जाणकारांचा साधा दंडक आहे: रोजचं झिरपणं आरसीसीबीच्या आकड्याच्या ३० टक्क्यांच्या आत ठेवावं, म्हणजे ३० मिलीअँपिअरच्या आरसीसीबीवर ९. त्याहून जास्त असेल तर घराचे दोन-तीन भाग करून प्रत्येकाला वेगळा आरसीसीबी द्यावा. बारीक करंट मोजणारा लीकेज क्लॅम्प मीटर ज्या वायरमनकडे आहे तो हे पाच मिनिटांत मोजून देतो.

कधी पडला, हे का महत्त्वाचं

विजेसोबत पडला तर वरचं कारण. पण खूपदा तो विजेसोबत पडतच नाही. आपल्याला तसं वाटतं, कारण विजा आणि पाऊस एकत्रच असतात.

माझ्या मामांचं घर लांज्याजवळच्या एका वाडीत आहे, लाईनच्या अगदी टोकाला. मे संपता संपता पहिले ढग गडगडले की त्यांचा फोन ठरलेला. "अरे, इकडे वीज चमकली की तुझा तो ईएलसीबी पडतो. काढूनच टाकू का?" दोन वर्षं मीही फोनवरून झटक्याचंच कारण सांगत राहिलो. तिसऱ्या वर्षी जूनच्या सुरुवातीला मी तिथेच होतो. संध्याकाळी साडेसहाला विजा सुरू झाल्या. डोळे दिपतील अशा चमकत होत्या, पण खटका जागचा हलला नाही. मग पाऊस आला. धो-धो पंचवीस मिनिटं कोसळला, विजा दूर गेल्या, आणि तेव्हा कुठे डीबीतून ठक असा आवाज आला.

मामींनी कंदील लावला. मामा म्हणाले, "बघितलंस? वीज."

पण वीज नव्हती. पाऊस होता. पाणी कुठेतरी हळूहळू मुरत होतं आणि पंचवीस मिनिटांनी हव्या त्या जागी पोचत होतं. विजेचा दोष असता तर खटका चमकेसरशी पडला असता आणि लगेच वर राहिला असता. हा वर केला तरी राहीना.

दुसऱ्या दिवशी उजेडात, वाडीतले वायरमन काका आणि मी, दोघं शोधायला लागलो. बाहेरची वस्तू एकच, गेटवरचा दिवा. मामा म्हणाले, "तो कशाला बघताय, त्याचं बटण तर मी बंदच ठेवतो पावसात." त्यांचं म्हणणं खरं होतं, आणि दोन वर्षं आम्ही चकलो ते त्यामुळेच.

हे नीट समजून घेण्यासारखं आहे. आपल्या घरातलं भिंतीवरचं बटण एकच तार तोडतं, ती म्हणजे फेज. डीबीतले बारीक एमसीबीही बहुतेक घरांत एकपदरी असतात, तेही फेजच तोडतात. यांपैकी न्यूट्रल कुणीच तोडत नाही. सगळ्या खोल्यांच्या न्यूट्रल डीबीतल्या एका पितळी पट्टीवर, न्यूट्रल लिंकवर, कायम एकत्र जोडलेल्या राहतात. दिवा बंद, एमसीबी खाली, तरी त्या दिव्याची न्यूट्रल जिवंत जोडणीत असते. ती ओल्या जागी अर्थला टेकली तर इतर खोल्यांतून परतणारा थोडा करंट न्यूट्रल लिंकवरून त्या वाटेनं जमिनीत जातो. आरसीसीबीतून परत न आल्यामुळे हिशेब चुकतो.

"न्यूट्रलला कुठे करंट असतो?" असं लोक म्हणतात. टोकाच्या घराला असतो. लांब तारेत व्होल्टेज पडतं, तिन्ही फेजवरचा भार सारखा नसतो, त्यामुळे न्यूट्रल आणि जमीन यांच्यात थोडं व्होल्टेज उभं राहतं. मामांच्या डीबीत मीटर लावला तेव्हा ते १२ व्होल्ट होतं. १२ व्होल्टनं माणसाला काही होत नाही, पण ६०० ओहमची ओली वाट मिळाली तर त्यातून २० मिलीअँपिअर सहज जातात. खटका पडायला तेवढे पुरतात.

गेटच्या लोखंडी खांबावरचा दिवा खोलला. काच सुकी होती, होल्डर ठीक होता. मग खांबाच्या बुडाशी, जिथे जांभ्याच्या गडग्यावरून आलेला पीव्हीसी पाइप खांबात शिरतो, तिथली टेप सोडली. टेपचे चार वेढे होते. बाहेरचे दोन कडक होऊन तडकलेले, आतले चिकट काळे झालेले. त्याच्या आत मुंग्यांनी माती भरून घर केलं होतं, आणि ती माती चिखल होऊन न्यूट्रलचं उघडं तांबं आणि लोखंडी खांब यांच्यामध्ये बसली होती. तांब्यावर हिरवट थर चढलेला. उन्हाळाभर ती माती कोरडी, म्हणून काही होत नव्हतं. पंचवीस मिनिटांच्या पावसात पाणी पाइपातून उतरून तिथवर येत होतं.

जोड तोडला, नवीन केबल एकसंध ओढली, गेटच्या दिव्याला दुपदरी स्विच दिला, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तुटतात. बाहेरच्या दिव्यांना, बोअरच्या मोटरला, अंगणातल्या सॉकेटला असा स्विच किंवा दुपदरी एमसीबी असावा, असं माझं ठाम मत झालंय. पैसे थोडे जास्त जातात, पण पावसाळ्यात बाहेरचा भाग घरापासून पुरता तोडून ठेवता येतो.

पाऊस मुरल्यावर पडणाऱ्या खटक्यामागे बहुतेक वेळा अशीच एखादी बाहेरची जागा असते: गच्चीवरच्या टाकीचा फ्लोट स्विच, मोटरचा स्टार्टर, व्हरांड्यातला सॉकेट, एसीचं बाहेरचं युनिट, गळकी स्लॅब आणि तिच्यातून गेलेला पाइप. भिंत ओली झाली की भिंतीतली जुनी वायरही झिरपायला लागते.

तिसरी वेळ म्हणजे लाईट परत येतानाची. फीडर, म्हणजे आपल्या भागाला वीज पुरवणारी लाईन, बंद होऊन चालू होतो तेव्हा फ्रिज, मोटर, एसी सगळे एकदम करंट ओढतात आणि एखादा एमसीबी पडतो. लाईट गेल्यावर जड वस्तूंची बटणं बंद करून ठेवली तर हे टळतं. घरात इन्व्हर्टर असेल आणि लाईट गेल्या-आल्यावर नेमका *आरसीसीबी* पडत असेल, तर इन्व्हर्टरच्या सर्किटची न्यूट्रल आरसीसीबीच्या आधीच्या न्यूट्रलमध्ये मिसळलेली आहे का ते तपासून घ्या. ही चूक फार घरांत आहे. एका बाजूनं गेलेला करंट दुसऱ्याच दारानं परततो, मग हिशेब लागणार कसा?

आता शोधायचं कसं

विजा चालू असताना डीबीला हात लावू नका. अंधारात बसा. शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून अर्धा तास जाऊ द्या. हात आणि पाय कोरडे, पायात रबरी चप्पल. डीबीतच पाणी आलं असेल, जळका वास असेल, आतून चरचर ऐकू येत असेल तर झाकण बंद करा आणि वायरमनला बोलवा. पुढचं काही करू नका.

सगळं ठीक दिसत असेल तर आधी नुसतं बघा, हवं तर मोबाईलवर फोटो काढा. कोणता खटका पडलाय? कधीकधी पडलेला एमसीबी पूर्ण खाली येत नाही, मध्येच थांबतो. तो आधी पूर्ण खाली दाबून मगच वर जातो.

फक्त आरसीसीबी पडला असेल तर सगळे एमसीबी खाली करा आणि आरसीसीबी वर करा. राहिला तर एकेक एमसीबी वर करत चला, प्रत्येकानंतर थोडं थांबा. ज्याच्यामुळे पडेल, बहुधा त्या सर्किटवर दोष. मग त्या खोलीतले प्लग काढून परत बघा. प्लग काढल्यावर राहिला तर दोष वस्तूत, नाही राहिला तर वायरिंगमध्ये. इथे एक लक्षात ठेवा: बटण बंद करणं म्हणजे प्लग काढणं नव्हे. कारण वर आलंच आहे.

सगळे एमसीबी खाली असूनही आरसीसीबी राहत नसेल, तर घरातले एकूण एक प्लग काढून पुन्हा एकदा बघा. तरीही पडला, तर न्यूट्रल कुठेतरी अर्थला टेकलीय किंवा आरसीसीबीच खराब झालाय. इथून पुढे वायरमनचं काम. तो मेन बंद करून न्यूट्रल लिंकवरच्या तारा एकेक सोडतो आणि मेगर लावतो. मेगर ५०० व्होल्ट देऊन इन्शुलेशन मोजतो. चांगल्या वायरिंगला १ मेगाओहमच्या वर यायला हवं. मेगर लावण्याआधी सगळी इलेक्ट्रॉनिक उपकरणं सोडवायची, हे त्याला आठवणीनं सांगा, नाहीतर दोष शोधताना नवे दोष होतील.

दोनदा वर केलेला खटका दोन्हीदा पडला तर तिसऱ्यांदा वर करू नका. आणि खटका हातानं दाबून धरायचा, काडी खोचून अडकवायचा, असलं काही तर मुळीच नाही.

मामांनी फोनवर विचारलं होतं तेच कित्येक घरांत प्रत्यक्षात होतं. खटका सारखा पडतो म्हणून "ईएलसीबी डायरेक्ट करून द्या" असं वायरमनला सांगितलं जातं, आणि तोही दोन मिनिटांत करून देतो. मला याची मनापासून भीती वाटते. साधारण १० मिलीअँपिअरच्या पुढे हाताची मूठ सोडवता येत नाही. १०० च्या आसपास करंट छातीतून एखादा सेकंद जरी गेला तरी हृदयाची लय बिघडून माणूस जाऊ शकतो. एमसीबीला यातलं काहीच दिसत नाही. त्याच्या दृष्टीनं १०० मिलीअँपिअर म्हणजे एक किरकोळ दिवा. पावसाळ्यात ओल्या हातानं गेट उघडणाऱ्या, वॉशिंग मशीनला हात लावणाऱ्या माणसासाठी घरात जागता राखणदार एकच आहे, आणि त्यालाच काढा म्हणायचं? त्रास होत असेल तर दोष शोधा, आरसीसीबीचे भाग करा, झटक्यांना दाद न देणारा 'हाय इम्युनिटी' आरसीसीबी मिळतो तो बसवा. १०० किंवा ३०० मिलीअँपिअरचा लावून गप्प बसवण्याचा सल्ला मात्र ऐकू नका. ते आगीपासून वाचवायला असतात, माणसाला वाचवायला नाहीत.

झटका जमिनीत उतरवायचा कसा

विजेच्या झटक्यावरचा खरा उपाय म्हणजे एसपीडी, सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस. डीबीत एमसीबीसारखाच बसतो. त्याच्या आत मेटल ऑक्साइडची चकती असते. २३० व्होल्टला ती झोपलेली असते, व्होल्टेज काहीशेच्या वर उसळलं की नॅनोसेकंदांत वाट उघडून झटका अर्थमध्ये सोडते आणि पुन्हा मिटते. घरासाठी सहसा टाइप २ पुरतो. छतावर आकाशातली वीज झेलणारा वीजवाहक बसवलेला असेल तर टाइप १ लागतो.

तो बसवताना दोन गोष्टी हमखास चुकतात. एक, तो आरसीसीबीच्या आधी हवा, म्हणजे झटका बाहेरच उतरतो आणि आरसीसीबी उगाच पडत नाही. दुसरी, तारांची लांबी. विजेच्या वेगाला सरळ तारही अडसर वाटते. करंट मायक्रोसेकंदाला हजार अँपिअरनं वाढत असेल तर दर मीटर तारेवर सुमारे हजार व्होल्ट उभं राहतं. एसपीडीच्या जोडतारा नीटनेटक्या दिसाव्यात म्हणून वळसे घालून दोन मीटर केल्या, तर दोन हजार व्होल्ट घरात गेलेच म्हणायचे. सगळ्या जोडतारा मिळून अर्ध्या मीटरच्या आत बसवायच्या.

एसपीडीच्या खिडकीत हिरवं दिसतं तोवर तो जिवंत. लाल झाला की झटके झेलून संपला, बदलायचा. मोठ्या वादळानंतर ही खिडकी बघायची सवय लावा.

पण एसपीडी झटका सोडणार कुठे? अर्थिंगमध्ये. आणि अर्थिंग आपल्याकडे घर बांधताना एकदा पुरलं की विसरलं जातं. कोळसा-मिठाचा खड्डा, त्यात जीआय पाइप, वर सिमेंटचं झाकण. एप्रिल-मेमध्ये जमीन भेगाळते तेव्हा या खड्ड्यात ओलच नसते. म्हणजे वर्षातल्या सगळ्यात जोरदार विजा वळवाच्या पावसात येतात, तेव्हाच आपलं अर्थिंग सगळ्यात कोरडं असतं. कोकणातला जांभा आणि देशावरचा काळा कातळ, दोन्हीत अर्थिंग मुळातच अवघड. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतणं हा जुना रिवाज चांगलाच आहे. दोन-तीन वर्षांतून एकदा अर्थ टेस्टरनं मोजून घ्या, ५ ओहमच्या खाली यावं अशी अपेक्षा धरा.

५ ओहम चांगले, तरी हिशेब करा: ५ हजार अँपिअर त्यातून गेले तर क्षणभर अर्थचीच तार २५ हजार व्होल्टवर जाते. म्हणून घरातलं सगळं अर्थ एकमेकांना जोडलेलं हवं, म्हणजे सगळं एकत्र वर जाईल आणि एकत्र खाली येईल. डिशची केबल, सीसीटीव्हीची तार वेगळ्याच वाटेनं आत आली की दोन्ही टोकांत फरक पडतो आणि तो सेट-टॉप बॉक्सच्या पोटात फुटतो. टीव्हीचा प्लग काढून डिशची केबल तशीच ठेवणं म्हणून पुरत नाही. फायबर काचेची असते, तिच्यातून झटका येत नाही, पण राउटरच्या अडॅप्टरमधून येतो.

प्लग काढायला वेळ मिळावा म्हणून पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' ॲप मोबाईलवर असू द्या. आसपास २० ते ४० किलोमीटरच्या टप्प्यात विजा असल्या तर ते सांगतं. नसलं तरी, चमक दिसल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजा आणि ३ नं भागा, तेवढे किलोमीटर. १५ सेकंद म्हणजे ५ किलोमीटर. एवढ्यावर विजा आल्या की प्लगला हात लावायची वेळ गेली. ढग दाटून येतानाच काढायचे.

एक प्रकार असा आहे ज्यात एकही खटका पडत नाही आणि नुकसान सगळ्यात जास्त होतं. वाऱ्यानं खांबावरची न्यूट्रल तुटते. मग दोन फेजवरची घरं एकमेकांच्या मागे जोडल्यासारखी होतात. कुणाकडे दिवे मिणमिणतात, कुणाकडे ३०० व्होल्टच्या वर जातात. करंटचा हिशेब बरोबर, म्हणून आरसीसीबी गप्प. करंटही जास्त नाही, म्हणून एमसीबी गप्प. दिवे एकदम प्रखर झाले, पंखा भिरभिरायला लागला की दुसरं काही न बघता मेन स्विच खाली करा आणि १९१२ ला कळवा. वारंवार होत असेल तर जास्त व्होल्टेजला तोडणारं वेगळं उपकरण डीबीत बसवता येतं. खाली पडलेली तार दिसली तर ती मेलेली आहे असं समजू नका. लांब राहा, पोरांना आणि गुरांना लांब ठेवा, आणि तोच नंबर लावा.

मामांच्या डीबीच्या झाकणाला आतून आता एक कागद चिकटवलेला आहे, दोऱ्याला पेन्सिल बांधून. कोणता खटका, किती वाजता, वीज चालू होती की पाऊस, वर केल्यावर राहिला का, एवढंच त्यावर लिहायचं. महिन्याच्या एक तारखेला टेस्टचं बटण दाबलं की तीही नोंद. गेल्या खेपेला बघितलं तेव्हा शेवटची ओळ मामींच्या अक्षरात होती: "रात्री पावणेदहा. पाऊस नाही, नुसती वीज. चमकली तसा पडला. अर्ध्या तासानं वर केला, राहिला. वायरमनला फोन केला नाही."